एकच नकाशा : सागरकिनाऱ्याला आणि वऱ्हाडालाही

मुंबईच्या भुयारी मेट्रोचे आचार्य अत्रे चौक स्थानक १० मे २०२५ रोजी प्रवाशांसाठी खुले झाले आणि अवघ्या सोळा दिवसांनी, २६ मे रोजी, त्यात पावसाचे पाणी शिरले. मोसमी पाऊस त्या दिवशी मुंबईत पोहोचला होता. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. अपूर्ण प्रवेशद्वारापाशी पाणी अडविण्यासाठी उभारलेली भिंत कोसळली, असे स्पष्टीकरण मिळाले. स्पष्टीकरण खरे असेलही. पण ज्या शहराने २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिला, त्या शहरात जमिनीखालचे स्थानक खुले करताना पाऊस हा अनपेक्षित पाहुणा कसा ठरू शकतो?

वाशिम जिल्ह्यातील वाचक म्हणेल, समुद्र आमच्यापासून पाच-सहाशे किलोमीटरवर. मुंबईच्या स्थानकात पाणी शिरले काय आणि न शिरले काय! हा विचार स्वाभाविक असला तरी पुरता बरोबर नाही. वऱ्हाडाचे आणि समुद्राचे नाते जुने आहे. मुंबई बंदराची भरभराट ज्या कापसावर झाली, त्यात वऱ्हाडच्या काळ्या मातीतल्या कापसाचा वाटा मोठा होता. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी 'शकुंतला' ही अरुंदमापी रेल्वे ब्रिटिश कंपनीने घातली, ती इथल्या लोकांच्या सोयीसाठी नव्हे, तर इथला कापूस बंदराकडे नेण्यासाठी. ती गाडी आता बंद पडली आहे. समृद्धी महामार्ग मात्र कारंजा, शेलुबाजार, मालेगाव या पट्ट्यातून जातो आणि ५ जून २०२५ पासून तो थेट ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंत खुला झाला आहे. रिसोड-मानोऱ्याचा तरुण मजुरीसाठी, परीक्षेसाठी, नोकरीसाठी मुंबई-पनवेलच्या स्थानकांवर उतरतो. आणि महत्त्वाचे म्हणजे मुंबईत, रत्नागिरीत वा वाशिममध्ये स्थानक कसे असावे हे ठरविणारी मनोवृत्ती एकच आहे. एका कार्यालयात एक नकाशा तयार होतो. तो कोकणच्या पावसातही उभा राहतो आणि वाशिमच्या वैशाखातही. दोन्हीकडे तो परकाच असतो.

कोकणापासूनच आरंभ करू, कारण तिथे या परकेपणाची किंमत लवकर दिसते. समुद्राकाठच्या हवेत मीठ असते. ते काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आतल्या लोखंडी सळीपर्यंत जाते, सळी गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने तो वरचे काँक्रीट आतून फोडून बाहेर येतो. म्हणूनच आपल्या भारतीय मानकात (आयएस ४५६, सन २०००) सौम्य हवामानातल्या सळीवर २० मिलिमीटरचे काँक्रीटचे आवरण पुरते असे मानले असले, तरी किनाऱ्याच्या हवेत उघड्या राहणाऱ्या बांधकामाला ४५ आणि जिथे लाटांचे तुषार उडतात तिथे ५० मिलिमीटर आवरण सांगितले आहे. नियम आहे, कागदावर आहे आणि पंचवीस वर्षांपासून आहे. तरीही किनारपट्टीच्या स्थानकांच्या छतांतून बाहेर डोकावणाऱ्या तांबूस सळ्या प्रवाशांना नव्या नाहीत. त्यावर उपाय म्हणून काय होते? दर्शनी भागावर ॲल्युमिनियमचे चकचकीत पत्रे ठोकले जातात. रोग झाकला जातो.

कोकणी माणसाने आपले घर असे कधीच बांधले नाही. भिंतीला जांभा दगड, जो घराशेजारच्या खाणीतून निघतो, वर तीव्र उताराचे कौलारू छप्पर, कारण तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस सपाट धाब्यावर थांबू देणे म्हणजे घरात विहीर खोदणे, पुढे पडवी, आणि पावसाळा आला की वाऱ्याच्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे झाप. यात सौंदर्यदृष्टी होतीच, पण आधी अक्कल होती. कोकण रेल्वेची स्थापना १९९० मध्ये झाली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी ७४१ किलोमीटरचा तो संपूर्ण मार्ग सुरू झाला. सह्याद्रीच्या कुशीतले ते बोगदे आणि पूल हे भारतीय अभियंत्यांच्या कर्तृत्वाचे स्मारक आहे, यात वाद नाही. परंतु त्या मार्गावरील लहान स्थानकांत आजही गाडीचे पुढचे वा मागचे डबे छपराबाहेर उभे राहतात आणि आषाढातला प्रवासी सामान, मूल आणि छत्री एकाच वेळी सांभाळत फलाटावर धावतो. मध्यंतरी राज्य शासनाने यांतील काही स्थानकांच्या दर्शनी भागाचे सुशोभीकरण केले. प्रवेशद्वार देखणे झाले, ही चांगली गोष्ट. फलाटाला आधी छप्पर द्यावे की स्थानकाला आधी मुखवटा, हा प्रश्न मात्र फलाटावर भिजणाऱ्यालाच विचारायला हवा होता.

चिपळूणचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचा पूर शहरात घुसला, एसटीचे आगार पाण्याखाली गेले आणि आगारातील अधिकारी-कर्मचारी महामंडळाची रोकड वाचविण्यासाठी कित्येक तास बसच्या टपावर बसून राहिले. त्या माणसांच्या निष्ठेला आमचा नमस्कार. पण निष्ठेने भरून काढावी अशी ही उणीव नाही. नदीकाठच्या सखल भागातल्या आगाराचा रोकड कक्ष, वीजजोडणी, नियंत्रण कक्ष हे पुराच्या पातळीच्या वर असावेत, ही वास्तुरचनेतली प्राथमिक गोष्ट आहे. चिपळूणच्या नव्या बसस्थानकाचे काम पुराच्या आधीच हाती घेतलेले होते आणि ते वर्षानुवर्षे रखडले. रत्नागिरीकरांनीही नव्या स्थानकाची अशीच दीर्घ प्रतीक्षा केली. 'हायटेक' हे विशेषण मात्र पहिल्या दिवसापासून फलकावर होते!

मग किनाऱ्यावर चांगले काही झालेच नाही का? झाले आहे, आणि ते सांगितले पाहिजे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस घ्या. १८७८ साली काम सुरू झाले, दहा वर्षे चालले. राज्यकर्ते परके होते आणि वास्तूची शैलीही पुष्कळशी परकी, पण दगड इथला होता, हात इथले होते आणि सजावटीत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा सहभाग होता. जाड भिंती, उंच छत, वाऱ्याला वाट. समुद्राच्या खाऱ्या हवेत ही इमारत सव्वाशेहून अधिक वर्षे उभी आहे, २००४ मध्ये तिला जागतिक वारशाचा मान मिळाला आणि २०२१ मध्ये हरित इमारतीचे सुवर्ण मानांकनही मिळाले. टिकाऊपणा म्हणजे काय याची याहून सोपी व्याख्या कोणती द्यावी? जी इमारत तीस वर्षांत पाडून पुन्हा बांधावी लागते, तिच्या छतावर कितीही सौर पट्ट्या बसवल्या तरी ती पर्यावरणाची मित्र होत नाही. तिच्यात ओतलेले सिमेंट आणि पोलाद तयार करताना जो धूर निघाला, तो पट्ट्यांनी परत फिरत नाही.

केरळात तिरुवनंतपुरमच्या तंपानूर भागात, एसटीचे स्थानक आणि रेल्वेस्थानक यांच्या शेजारी, इंडियन कॉफी हाऊसची एक चक्राकार इमारत आहे. लॉरी बेकर या वास्तुविशारदाने ती बांधली. साध्या भाजक्या विटा, त्यांच्यातच सोडलेली जाळी, आणि वर वर चढत जाणारी बैठक. वातानुकूलन नाही. जाळीतून वारा येतो, ऊन येत नाही आणि प्रवासी गाडीची वेळ होईपर्यंत स्वस्तात कॉफी पीत बसतो. बेकर जन्माने इंग्रज, पण त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि इथल्याच गवंड्यांकडून शिकत शिकत आयुष्यभर गरिबांसाठी बांधले. घर शक्यतो पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून उभे राहावे, या गांधीजींच्या विचाराने ते प्रभावित झाले होते. स्वदेशीचा हा अर्थ आपल्या बांधकाम खात्यांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. कोचीत अलीकडे आणखी एक विचारपूर्वक झालेले काम म्हणजे २०२३ साली सुरू झालेली जल मेट्रो. तिचे धक्के तरंगते आहेत. भरती-ओहोटीबरोबर धक्का वर-खाली होतो आणि बोट व धक्का एकाच पातळीवर राहतात, त्यामुळे चाकाच्या खुर्चीतला प्रवासीही कुणाच्या हाताशिवाय आत जाऊ शकतो. त्याच कोचीचा विमानतळ ऑगस्ट २०१५ मध्ये संपूर्णपणे सौरऊर्जेवर चालणारा जगातला पहिला विमानतळ ठरला, आणि ऑगस्ट २०१८ च्या पेरियार नदीच्या पुरात दोन आठवडे बंदही पडला. सूर्याचा विचार झाला होता, नदीचा अपुरा पडला.

आता वाशिमकडे वळू. इथे शत्रू मीठ नव्हे, ऊन आहे. वार्षिक पाऊस हजार मिलिमीटरच्या आत आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून बराच वर. अशा प्रदेशात बसस्थानकावर लोखंडी वा सिमेंटचे पातळ पत्रे घालायचे, म्हणजे दुपारी दोन वाजता प्रवाशाच्या डोक्यावर तवा धरायचा. वैशाखातल्या कोणत्याही स्थानकावर दुपारी फेरी मारून पाहा. शेडखालचे बाक रिकामे असतात आणि माणसे आवारातल्या कडुनिंबाखाली बसलेली असतात. प्रवाशांनी दिलेला हा निकाल आहे. त्यासाठी वेगळे सर्वेक्षण करण्याची आवश्यकता नाही. आणि नूतनीकरणाचे काम निघाले की पहिली कुऱ्हाड पडते ती त्या कडुनिंबावरच.

वऱ्हाडातल्या जुन्या घरांना हे ऊन ठाऊक होते. जाड मातीच्या वा पांढऱ्या मातीच्या भिंती, वर माळवद, मध्ये चौक, पुढे ओसरी. जाड भिंत दिवसभर ऊन पचवते आणि रात्रीच्या गार हवेत ते सोडून देते. चौकातून तापलेली हवा वर जाते. वाशिमच्या बालाजी मंदिरात जाणाऱ्याने प्रांगणाभोवतीच्या ओवऱ्यांत क्षणभर बसून पाहावे. अठराव्या शतकात भवानी काळूंनी हे मंदिर उभारले, तेव्हा दुरून येणारा भाविक कुठे टेकेल याचा विचार देवाच्या गाभाऱ्याइतकाच गांभीर्याने झाला होता. त्याही मागे जायचे, तर हे नगर म्हणजे वाकाटकांच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म. इथल्या हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले आणि तिथल्या शिलालेखात गवाक्षांचे, पाण्याच्या साठ्याचे वर्णन येते. वारा, सावली आणि पाणी. दीड हजार वर्षांपूर्वी ज्या नगराच्या मंत्र्याला या तीन गोष्टींची महती कळत होती, त्या नगराच्या बसस्थानकाच्या निविदेत त्या शोधाव्या लागतात! पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या जन्माची त्रिशताब्दी २०२५ मध्ये आपण उत्साहाने साजरी केली. त्यांच्या धर्मशाळा आणि बारवा म्हणजे त्या काळची प्रवासी स्थानकेच होती. पुतळ्यांना हार घालण्याइतकेच त्या धर्मशाळांच्या ओवऱ्यांची उंची आणि खोली मोजणेही आवश्यक होते.

आज या सगळ्याची निकड वाढण्याचे कारण साधे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ मध्ये सर्व महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळाला. निर्णय स्वागतार्हच होते. त्यामुळे घराबाहेर न पडणारी म्हातारी लेकीला भेटायला निघाली, खेड्यातली मुलगी तालुक्याच्या महाविद्यालयात रोज येऊ लागली. स्थानकावर थांबणाऱ्यांत वृद्ध, स्त्रिया आणि लेकुरवाळ्या यांचे प्रमाण वाढले. आणि उन्हाचा तडाखा सर्वांत आधी याच माणसांना बसतो. तिकीट स्वस्त केले, पण बस येईपर्यंतचा तास कसा काढायचा? लेकुरवाळ्यांसाठी 'हिरकणी कक्ष' आहेत, पण खिडकी नसलेल्या खोलीला केवळ नाव देऊन हिरकणी प्रसन्न होत नाही. खऱ्या हिरकणीने निदान मोकळ्या हवेत कडा उतरला होता.

काँक्रिटीकरणाविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. बसस्थानकांच्या आवारांच्या काँक्रिटीकरणासाठी राज्यात औद्योगिक विकास महामंडळाकडून मोठा निधी देण्यात आला. काळ्या मातीच्या प्रदेशात पावसाळ्यात आवाराचे काय होते हे ज्याने पाहिले आहे, तो या कामाला सरसकट नावे ठेवणार नाही. खड्डे, चिखल, साचलेले पाणी आणि त्यातून उड्या मारत बस गाठणारे शाळकरी विद्यार्थी हे चित्र बदलायलाच हवे होते. परंतु बस जिथे धावते तिथे काँक्रीट असणे वेगळे आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत आवार काँक्रीटने मढवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात पावसाचा थेंब जमिनीत मुरत नाही आणि उन्हाळ्यात ते आवार सूर्यास्तानंतरही आग ओकत राहते. गाड्यांच्या मार्गापुरते काँक्रीट, बाकी आवारात पाणी मुरू देणारी फरसबंदी, झाडांभोवती पार, एवढा फरक नकाशात केला तर खर्च वाढत नाही. घटतोच.

थोडे गणितही मांडू. एक हजार चौरस मीटर छपरावर आठशे मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी आठ लाख लिटर होते. गळती-बाष्पीभवन वजा जाता सहा लाख लिटर तरी हाती लागते. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे बसस्थानकाची प्रसाधनगृहे पाण्यावाचून दुर्गंधीत राहावीत आणि तेच पाणी जुलैत गटारात जावे, हा व्यवहार कोणत्या शहाण्याचा? त्याच छपरावर साधारण शंभर किलोवॉटचा सौर संच बसतो आणि तो दिवसाला सरासरी चारशे युनिट वीज देतो. विजेवरची बस किलोमीटरला एक युनिटच्या आसपास वीज घेते. म्हणजे वाशिम-अकोल्याच्या दोन फेऱ्या एका छपराच्या उन्हावर होऊ शकतात. पुण्याहून १ जून १९४८ रोजी अहमदनगरला निघालेल्या एसटीच्या पहिल्या बसच्या मार्गावरच १ जून २०२२ रोजी विजेवरची 'शिवाई' धावली. पुढे अशा बसगाड्या जिल्ह्याजिल्ह्यांत येऊ घातल्या आहेत. त्यांच्यासाठी आगारांत वीजभारणीची सोय करावीच लागणार आहे. ती करताना छपराचा विचार एकदाच आणि नीट झाला, तर पुन्हा तोडफोड नको.

यात पैशाचा प्रश्न नाही असे आम्ही म्हणत नाही. महामंडळ आर्थिक ओढग्रस्तीत आहे आणि म्हणूनच स्थानकांच्या मोक्याच्या जमिनी खाजगी विकासकांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देऊन त्यातून नवी स्थानके बांधून घेण्याचा मार्ग निवडला जातो. हा मार्ग मुळातच त्याज्य नाही. पण त्याचा झोक कुठे जातो हे ओळखले पाहिजे. विकासकाचे हित दर्शनी दुकानात असते, प्रवाशाचे फलाटात. करारात छताची उंची, वाऱ्याच्या दिशेला मोकळी ठेवायची बाजू, झाडांची संख्या, पाण्याची टाकी, प्रसाधनगृहांची दहा वर्षांची देखभाल हे शब्द नसतील, तर रस्त्याकडे काचेचे दुकान उभे राहील आणि बस त्याच्या मागच्या अंधाऱ्या बोळात जाईल. स्त्रियांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने असा बोळ किती घातक, हे सांगण्याची गरज नाही.

वाशिमचे रेल्वेस्थानक अमृत भारत योजनेच्या यादीत आहे. शेजारच्या मूर्तिजापूरच्या नूतनीकृत स्थानकाचे २२ मे २०२५ रोजी लोकार्पण झाले. अकोला-पूर्णा मार्ग २००८ मध्ये रुंद झाल्यापासून वाशिमची वर्दळ वाढली आहे. त्यामुळे इथल्या नकाशाबाबत बोलण्याची हीच वेळ आहे. बांधकाम झाल्यावर निवेदने देण्यात अर्थ नसतो. जिल्ह्यातील अभियंते, वास्तुविशारद, प्रवासी संघटना आणि व्यापारी मंडळ यांनी एकत्र बसून नकाशा मागवून घ्यावा आणि तीन-चारच गोष्टी तपासाव्यात. पश्चिमेच्या भिंतीवर काच आहे की जाळी? छपराखाली उष्णतारोधक थर आहे की नुसता पत्रा? प्रत्येक फलाटावर पिण्याचे पाणी सावलीत आहे की उन्हात? आणि आज आवारात उभी असलेली झाडे नकाशात दाखवलेली आहेत का? राष्ट्रीय इमारत संहितेने देशाचे पाच हवामान-विभाग केले आहेत आणि प्रत्येकाची बांधणी वेगळी सांगितली आहे. तेव्हा अशी मागणी करणे म्हणजे शासनाकडे काही जगावेगळे मागणे नव्हे.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेसाठी देशभरातून बंजारा समाज येतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे बंजारा विरासत वस्तुसंग्रहालयाचे लोकार्पण झाल्यापासून वर्षभर येणारेही वाढले आहेत. तांड्यातांड्यांतून, तेलंगण-कर्नाटकातून मिळेल त्या वाहनाने निघालेली ही माणसे मानोरा, मंगरूळपीर, दिग्रसच्या स्थानकांवर उतरतात आणि चैत्राच्या उन्हात पुढच्या गाडीची वाट पाहतात. महामंडळाला आणि जिल्हा नियोजन समितीला पहिले काम करून दाखवायचे असेल तर ते याच तीन स्थानकांवर आणि याच मार्गावर करता येईल. दुहेरी छप्पर, चुन्याचा पांढरा लेप, उघड्या बाजूंना जाळी, रांजणांची पाणपोई आणि पावसाळ्याच्या तोंडी लावलेली शंभर कडुनिंबाची रोपे. मे महिन्यात नियोजन समितीच्या बैठकीत हा विषय आला, तर रोपे जूनमध्ये लागू शकतात आणि छपराचे काम पुढच्या होळीपूर्वी पूर्ण होऊ शकते.